कुत्र्यांचे केस आणि आमची स्टाइलशीट

गाळे वाटणाऱ्या कार्यालयातल्या साहेबांनो, चूक तुमची होती. हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पहिल्या ओळीपुढे तुमच्याकडे काही वाचलं जात नाही असा माझा अनुभव आहे. चूक तुमची. निस्तरली आम्ही. आणि वर नियम आम्हालाच शिकवलेत. आता निवांत बसा आणि ऐका. खुर्ची तुमच्याकडे आहेच.

माझी बायको शिवणकाम करते. आमच्या बाहेरच्या खोलीत करते, म्हणजे ती खोली आता आमची राहिलेली नाही. कापडांच्या ढिगाखाली कुठेतरी एक सोफा आहे, अशी घरात आठवण सांगितली जाते. मी कामावरून येऊन टेकायला गेलो की आतून आरोळी येते, "अहो, बघून! टाचण्या आहेत!" ती आरोळी नेहमी मी बसल्यावर येते. एकदा शिवणखडूची भली मोठी फुली पाठीवर घेऊन मी दिवसभर गोदामात हिंडलो. मी पंपांच्या कंपनीत भांडारपाल आहे. त्या दिवशी हाताखालचे सगळे लोक माझ्या मागेच का उभे राहत होते, ते मला घरी आल्यावर कळलं.

तर बाजाराच्या नव्या इमारतीत गाळे निघाले आणि हिने अर्ज केला. तिला तो गाळा हवा होता. किती हवा होता हे मी कसं ओळखलं? ती त्याबद्दल अवाक्षर बोलत नव्हती. नको असलेल्या गोष्टींवर ही सकाळपासून बोलू शकते, त्यात मीही येतो. पण खरंच काही हवं असलं की गप्प. नुसती शिवणाच्या टेबलाची मापं घ्यायची, पुन्हा पुसायची, पुन्हा घ्यायची.

कार्यालयाची पद्धत आधुनिक. प्रत्येक अर्जदाराचं एक वेबपान कार्यालय स्वतः बनवणार, समिती ती पानं बघणार आणि गाळा कोणाला ते ठरवणार. आमचं पान तयार झाल्याचा निरोप आला. आम्ही उघडलं. पांढरंफटक पान, काळी बारीक अक्षरं. वर हिच्या कामाचं नाव आणि घरचा पत्ता. खाली, नवे कपडे मापाने शिवून मिळतील. त्याखाली, पडदे आणि अभ्रे शिवून मिळतील. आणि सगळ्यांत शेवटी:

"कुत्र्यांचे केस कापून व नखे काढून मिळतील. चावणाऱ्यांनी आधी कळवावे."

मी मोठ्याने वाचलं. बायकोने मोठ्याने वाचलं. मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं.

"आणि माझी शेवटची ओळ कुठे गेली?" ती म्हणाली. "पँटची लांबी कमी करणे, चेन बदलणे, रफू. मी स्वतः लिहून दिली होती."

मी तडक तुमच्या कार्यालयात गेलो. खिडकीत एक गृहस्थ बसले होते. त्यांचा चेहरा तरी दिसला असेल म्हणावं, तर काचेला भोक हाताच्या उंचीवर. मी भोकाशी तोंड नेलं. कंबर वाकवून न्याय मागावा लागतो, ही पहिली शिकवण.

"मजकूर गोठलाय," ते म्हणाले.

"अहो, पण चूक तुमच्या कार्यालयाची आहे."

"चूक आमची असेल. मजकूर तुमचा आहे."

"आमच्याकडे कुत्रा नाही!"

"मग केस कोणाचे कापता?"

मी म्हणालो, कोणाचेच नाही. ते म्हणाले, मग तशी तक्रार वाटपानंतर करा. वाटपाआधी मजकुरातलं एक अक्षर हलणार नाही, नियम आहे. फक्त रूप बदलायची मुभा आहे.

"रूप म्हणजे?"

"स्टाइलशीट. काय लिहिलंय ते आमच्याकडे. कसं दिसतं ते तुमच्याकडे. रंग, माप, अंतर, जागा. करा हवं ते."

आणि ती स्टाइलशीट कुठे उघडते ते त्यांनी एका चिठोऱ्यावर लिहून दिलं. घर आपल्या नावावर ठेवून रंगसफेदीचा मान तेवढा मला दिल्यासारखं.

घरी आल्यावर खालच्या मजल्यावरचे बँकवाले काका जिन्यात भेटले. बँकेतून निवृत्त झाले, पण सल्ल्यातून झालेले नाहीत. "अरे, माणूस लाव. हे शिकलेल्यांचं काम आहे," म्हणाले. बस. मी आजवर जे शिकलो ते स्वतः शिकलो. पंपांचे सुटे भाग ओळखायलाही मला कोणी कॉलेजात नेलं नव्हतं. 'शिकलेल्यांचं काम' असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी म्हणालो, "काका, मीच करणार." नंतर जे जे झालं त्याचं मूळ या वाक्यात आहे. तरी मी ते मागे घेत नाही.

साहेब, तुम्हाला स्टाइलशीट माहीत नसणार, म्हणून सांगतो. त्या नुसत्या आज्ञा असतात. आधी कोणाला ते सांगायचं, मथळ्याला की परिच्छेदाला. मग महिरपी कंस उघडायचा. मग कोणती गोष्ट, पुढे दोन टिंबं, मग ती कशी हवी, मग अर्धविराम. कंस बंद. मथळ्याला म्हणायचं, रंग निळा. मथळा निळा होतो! उलट विचारत नाही, 'आत्ता?' म्हणत नाही, 'तुम्हीच उठून करा' म्हणत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात असं सुख मला मिळालं नव्हतं. मी दिसेल त्याला आज्ञा देत सुटलो. पण एखादा अर्धविराम राहिला की ब्राउझर ती आज्ञाही पाळत नाही आणि तिच्या पुढचीही नाही, आणि काय बिनसलं ते सांगत नाही. आपणच ओळखायचं. हा प्रकार मात्र मला घरचा वाटला.

पुढे कळलं की पानावरच्या प्रत्येक मजकुराभोवती एक न दिसणारी चौकट असते. मजकूर आणि चौकट यांच्यामधली जागा म्हणजे पॅडिंग. चौकटीची कड म्हणजे बॉर्डर. आणि कडेबाहेर शेजारच्यापासून राखलेलं अंतर म्हणजे मार्जिन. हे मी जेवताना हिला समजावून सांगत होतो. वाट्या मांडून.

"म्हणजे आतली ती माया," ही म्हणाली. "शिवताना आत सोडतो ते जादा कापड. त्यात काय एवढं? माया सोडली नाही तर कपडा काचतो."

एवढी मोठी संकल्पना हिने एका घासात गिळली याचा मला राग आला. "आणि बाहेरचं अंतर?" मी विचारलं. "शेजाऱ्यांपासून राखतात ते?"

तेवढ्यात बेल वाजली. बँकवाले काका होते. मागोमाग समोरच्या वहिनी. मार्जिन आमच्या जिन्यावर चालत नाही.

पण त्याआधी मी एक चतुराई केली होती. मजकूर बदलता येत नाही ना? ठीक आहे. मी शेवटच्या परिच्छेदाला आज्ञा दिली, रंग पांढरा. पान पांढरं, अक्षरं पांढरी. कुत्रे गायब! मजकूर जागच्या जागी, नियम शाबूत, आणि कोणाला काही दिसत नाही. तुमच्या कार्यालयाचं कामकाज याच तत्त्वावर चालतं, म्हणून मला ते सुचलं.

काकांनी चष्मा लावून पान पाहिलं. "अक्षर मोठं कर. आमच्या बँकेत सूचना लांबून वाचता यायच्या."

"भावजी, गुलाबी करा ना सगळं," वहिनी म्हणाल्या. "मागचा भाग गुलाबी. कपड्यांचं काम आहे, दवाखाना नाही."

मी भिडस्त. दोघांचंही लिहिलं. काका म्हणाले, गुलाबी नको, राखाडी कर, त्याने विश्वास वाटतो. तेही खाली लिहिलं. स्टाइलशीटचा कायदा असा की सारख्याच दोन आज्ञा असतील तर नंतर लिहिलेली चालते. हे मी त्यांच्यासमोर बोललो, ही माझी घोडचूक. दोघांपैकी कोणी घरी जाईना! प्रत्येकाला शेवटचं बोलायचं होतं. काका दारापर्यंत जायचे, वहिनी म्हणायच्या, "भावजी, गुलाबी," की काका परत. आमच्याकडचा चहा संपला, वहिनींकडून आणला, तरी रंग ठरेना.

शेवटी या यंत्रणेत एक ब्रह्मास्त्र आहे, ते मी काढलं. आज्ञेपुढे उद्गारचिन्ह देऊन 'इम्पॉर्टंट' लिहिलं की ती कुठेही असो, बाकीच्यांना पुरून उरते.

"मग माझ्या अक्षरांना ते लाव," काका म्हणाले. "महत्त्वाचं आहेच ते."

"आणि माझ्या गुलाबीला नाही?" वहिनींनी कप खाली ठेवला. "मी इतकी वर्षं समोर राहते..."

दोघांनाही लावलं. राखाडी सोडून देऊ, त्या बदल्यात अक्षर अजून मोठं करू, असा तह झाला. गंमत म्हणजे माझ्या पडद्यावर काहीच हलेना. पान पांढरं ते पांढरंच, अक्षर बारीक ते बारीकच. मी आकडा वाढवला. काही नाही. अजून वाढवला. काही नाही. रागाने अजून वाढवला आणि म्हणालो, उद्या बघू. आज्ञा देऊनही काही घडत नाही, म्हणजे सगळं पुन्हा नेहमीच्या घरगुती पातळीवर आलं होतं, तेव्हा मी शांतपणे उठलो.

दुसऱ्या दिवशी दारात एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी गुंडाळलेला गालिचा होता. गालिच्याने माझ्याकडे पाहिलं.

"इथेच ना? ते गुलाबी पान?" बाई म्हणाल्या. "आधी कळवा लिहिलं होतं म्हणून सांगते. चावतो."

मी खुर्चीवर चढलो. भीतीने नव्हे, वरून नीट दिसावं म्हणून. बाईंनी तिथूनच फोन वर धरून मला पान दाखवलं. माझा ब्राउझर आळशी निघाला होता. एकदा आणलेली स्टाइलशीट त्याने जपून ठेवली होती आणि मला तीच शिळी दाखवत बसला होता. जगाला मात्र ताजी दिसत होती. जग बघत होतं भडक गुलाबी पान, आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र, हातभर अक्षरांत, एकच गोष्ट नजरेत भरेल अशी: कुत्र्यांचे केस. मी लपवलेली ओळ वहिनींनी उजळली आणि काकांनी फुगवली. 'कापून मिळतील' वाचायला बोटाने बराच वेळ पान सरकवावं लागत होतं.

"एवढी कात्री आहे की तुमच्या हातात," बाई हिला म्हणाल्या. "घ्या उरकून."

साहेब, आता ती कात्री सांगायला हवी. काळ्या मुठीची, जड, माझ्या सासूबाईंनी हिला दिलेली. तिने फक्त कापड कापायचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी तिने दुधाची पिशवी कापायला गेलो होतो, तेव्हा मला कळलं की मी कोणाशी लग्न केलंय. केस नाही, दोरी नाही, आणि कागद तर नाहीच नाही. "कागद लागला की कात्री मेली," हे हिचं वाक्य आमच्या घरात देवाच्या जागी आहे.

ही बाईंना म्हणाली, "ह्या कात्रीने नाही हो कापणार. पण बसा तरी."

"बसते कसली, ह्याला काही दिसत नाही केसांतून. नेहमीचा माणूस होता चांगला, पण तो म्हणे हल्ली पँटी आखूड करतो. चेन बदलतो, रफू करतो. त्याच्या पानावर तसंच आहे."

ही एकदम गप्प झाली. मी खुर्चीवर असल्यामुळे आणि गालिचा माझ्या चपलेचा वास घेत असल्यामुळे माझं त्याकडे लक्ष गेलं नाही. हिने त्या माणसाचं नाव-पत्ता विचारून घेतला, कुत्र्याच्या डोळ्यांवरचे केस एका चिंधीने बांधून दिले, आणि बाई निघून गेल्या. जाताना त्याला दिसायला लागलं होतं. त्याने पहिल्यांदा मलाच पाहिलं.

मग मी बाह्या सरसावल्या. आधी ब्राउझरमधली ती शिळी प्रत पुसली, मग काकांचं आणि वहिनींचं सगळं उडवलं. रंगाने लपवणं हा पोरखेळ. स्टाइलशीटमध्ये सरळ सांगता येतं की अमक्याला दाखवूच नको. मी परिच्छेदांना तसं सांगितलं आणि सगळेच परिच्छेद गेले. राहिला एक मथळा. वहिनींनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आता कसं मोकळं वाटतं!" म्हणून कोणाला सांगतोय ते नेमकं सांगावं लागतं, हा या विद्येचा गाभा. मी नेमकं सांगितलं. फक्त शेवटच्या परिच्छेदाला. कुत्रे गेले, पडदे राहिले. मग मथळ्याला गडद निळा, मजकुराला आत चांगली ऐसपैस माया, कडेला शिलाईच्या टाक्यांसारखी तुटक बॉर्डर. तिथे तुटक रेघ मिळते हे कळलं तेव्हा मी टाळी वाजवली. एकटाच होतो. संपूर्ण पानाला एकदाच सांगितलं की अक्षर असं हवं, तर आतल्या प्रत्येकाने ते वारशाने घेतलं, भांडण नाही.

ही ओले हात पदराला पुसत आली, वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"टाके सरळ आलेत," ती म्हणाली.

साहेब, या घरात याहून मोठं कौतुक होत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि मग वाटपाचा दिवस. तुमचं ते सभागृह. लांब टेबल, तीन जण, मधोमध जाड भिंगांच्या अध्यक्षबाई. शेजारी खिडकीतले गृहस्थ. त्या दिवशी कळलं की त्यांना चेहरा आहे. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कोणी विचारलं तर टाक्यांच्या बॉर्डरबद्दल बोलायची तयारी केली होती.

अध्यक्षबाईंनी एक कागद उचलला. कागद! पांढरा, काळी बारीक अक्षरं. निळा नाही, माया नाही, टाके नाहीत.

"हे काय आहे?" मी ओरडलो.

"पान," गृहस्थ म्हणाले. "समिती छापून बघते. छापताना रूप काढून टाकतो आम्ही. शाई कमी लागते."

"कुत्र्यांचे केस," अध्यक्षबाई वाचत होत्या, "चावणाऱ्यांनी आधी... अहो, कपडे आणि जनावरं एका गाळ्यात? हे नियमात बसत नाही. हा अर्ज बाद."

मी काय काय बोललो ते मी इथे लिहीत नाही, कारण हे लेखन घरातली मंडळीही वाचतात. एवढंच सांगतो की शिपाई दोनदा आत डोकावून गेला. आणि गृहस्थ शांतपणे म्हणत होते, "मजकूर तुमचा आहे, मजकूर तुमचा आहे." मी हिच्याकडे पाहिलं. ती बोलत नव्हती. ती बोलत नाही म्हणजे काय हे मला माहीत आहे.

ती मागे वळली आणि बाकाकडे पाहून म्हणाली, "दादा, या हो पुढे."

बाकावरून एक आडदांड माणूस उठला. डोक्यावर एक केस नाही, शर्टावर मात्र सगळ्या रंगांचे. कुत्र्यांचे केस कापणारा. हिने त्याला आधीच गाठलं होतं. मला न सांगता.

"मॅडम, माझ्याकडे लोक पँटी घेऊन येतात," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "एक जण मापाला उभाच राहिला. मी काय मोजू? मला फक्त शेपटीपर्यंत येतं!"

त्याचाही कागद निघाला. शेवटची ओळ: पँटची लांबी कमी करणे, चेन बदलणे, रफू. दोन पानांच्या शेपट्या तुमच्या कार्यालयात बदलल्या होत्या, साहेब. एवढंच झालं होतं.

"चूक दिसतेय," अध्यक्षबाई म्हणाल्या, "पण मजकूर गोठला की..."

हिने पिशवीतून कात्री काढली. काळ्या मुठीची. मला वाटलं धाक दाखवतेय. तिने दोन्ही कागद टेबलावर सरळ केले, एक क्षण थांबली, आणि कापले. कागद. त्या कात्रीने. कर्रकन आवाज झाला तो मला पाठीच्या कण्यात जाणवला. दोन्ही शेवटच्या ओळी तिने सुट्या केल्या, इकडची तिकडे ठेवली, तिकडची इकडे, ब्लाउजाच्या गळ्याला लावलेल्या टाचण्या काढून टोचल्या आणि कागद पुढे सरकवले.

"बाई, मजकुरात बदल करता येत नाही!" गृहस्थ उभे राहिले.

"बदल कुठे केला? एक अक्षर नवं घातलं? एक गाळलं? फक्त जागा बदलली," ही म्हणाली. "जागा म्हणजे रूप. रंग, माप, अंतर, जागा. तुम्हीच यांना सांगितलंत आणि यांनी मला रोज जेवताना सांगितलं. रूप आमच्याकडे आहे."

अध्यक्षबाईंनी गृहस्थांकडे पाहिलं. "जागा रूपात येते का हो?"

गृहस्थ सावकाश खाली बसले. "येते," ते म्हणाले. आवाज काचेमागून आल्यासारखा आला.

अध्यक्षबाई आधी खांद्यांनी हसल्या, मग चष्मा काढून हसल्या, मग डोळे पुसत दोन्ही कागदांवर शिक्के मारले. कुत्रेवाल्या दादांनी आनंदाने मला मिठी मारली. त्यानंतर आठवडाभर मला रस्त्यातली सगळी कुत्री ओळख दाखवत होती.

गाळे शेजारी शेजारी मिळाले. हिचं टेबल बरोबर बसलं, मापं चुकली नव्हती. काकांनी पाटीचं अक्षर मोठं करायला सांगितलं, वहिनींनी आतली एक भिंत गुलाबी करून घेतली, आणि दोघंही म्हणतात की गाळा त्यांच्या सल्ल्यामुळे मिळाला. म्हणू देत. बाहेरची खोली रिकामी झाली. सोफा निळा आहे. मला तो तपकिरी आठवत होता. काल त्यावर आम्ही दोघं नुसते बसलो, टाचणीशिवाय, आणि उगाचच हसत होतो. ही मध्येच म्हणाली, "टाक्यांची बॉर्डर छान होती हो. पाटीलाही तशीच करा."

म्हणजे सगळं गोड झालं. पण म्हणून मी तुम्हाला सोडणार नाही, साहेब. छापताना जे काढूनच टाकणार होतात, ते सजवायला आम्हाला लावलंत कशाला? वाटपानंतर तक्रार करा म्हणालात, मी केली. मग ते कुत्रे अजून आमच्या पानावर का आहेत? आणि त्या दिवसापासून ती कात्री मलमलीवर अडखळते. ही काही बोलत नाही. कापता कापता थांबते, कात्री उजेडात धरून बघते आणि पुन्हा कापायला लागते. तिने मोडू नये ते मोडलं, तुम्ही एक ओळ हलवली नाहीत म्हणून. त्या कात्रीची धार परत कोण आणून देणार? तुमच्यातल्या एकाने इकडे गाळ्यावर यावं, हिच्यासमोर उभं राहावं आणि सांगावं. मी वाट बघतोय. चावणार असाल तर आधी कळवा.